विचारायचे कोणाला?

समारंभाच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. त्यांची क्षमा मागून आम्ही लिहीत आहोत.

तीन वर्षांपूर्वी आमची एक जुनी विद्यार्थिनी शाळेत भेटायला आली. कडेवर सात महिन्यांचे मूल, आणि पुन्हा दिवस गेलेले. बी. एड. चा मिळालेला प्रवेश तिने सोडून दिला होता. "बाई, बाळ अंगावर पीत असताना दिवस राहत नाहीत, असे सगळ्याजणी म्हणाल्या," एवढेच ती बोलली.

ही समजूत निव्वळ खोटी नाही, म्हणूनच ती अधिक फसवी. मूल सहा महिन्यांच्या आतील असावे, रात्रंदिवस केवळ आईच्या दुधावर असावे, आणि पाळी परत सुरू झालेली नसावी. या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तोवरच तिचा भरवसा. पेज-पाणी सुरू झाले की तो संपला. शिवाय बीज पाळीच्या आधी सुटते. त्यामुळे बाळंतपणानंतर एकदाही पाळी न येता दिवस राहू शकतात. तारखा मोजणाऱ्यांचेही असेच होते. बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटते. पण तरुण वयात पाळी मागेपुढे होत असेल, तर मोजणार कुठून?

अशा वेळी लोक मुलीच्या चालीरीतीकडे बोट दाखवतात. वास्तविक आपल्या देशात कोवळ्या वयातले मातृत्व बहुतांशी लग्नातच येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. १५ ते १९ वयाच्या, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या मुलींत १८ टक्के आई झालेल्या वा गरोदर होत्या. बारा वर्षे वा अधिक शिकलेल्यांत ४ टक्के. शाळा सुटते म्हणून लग्न होते, की लग्नासाठी शाळा सोडवतात? आम्ही दोन्ही पाहिले आहे.

साधनांची वाण नाही. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले ते १९२१ साली! आता तीन महिन्यांनी घ्यावयाचे 'अंतरा' इंजेक्शन आणि 'छाया' गोळी सरकारी दवाखान्यांत २०१७ पासून मोफत मिळू लागली. तांबी तर त्याही आधीपासून आहे. अडते ते दवाखान्याच्या वाटेवर. नव्या सुनेने एकटीने जायचे कसे, सासूबाईंना नातवाची घाई, आणि नवऱ्याशी हा विषय काढला तर तो भलताच अर्थ घेईल ही भीती. १९७१ च्या कायद्याप्रमाणे गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, पतीची सही लागत नाही. हे शिकलेल्या घरांतही ठाऊक नसते.

त्या मुलीचे धाकटे आता अडीच वर्षांचे आहे. मध्यंतरी तांबीविषयी विचारायला तिचा फोन आला. घरात कोणी जवळ असावे. ती फार हळू बोलत होती.