नागपूरचं दार यादीत नव्हतं
साथ आणि सरहद्द : लेखांक ६

११ मार्च २०२० या एकाच दिवशी तीन गोष्टी घडल्या. जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महासाथ म्हटलं. दिल्लीत केंद्र सरकारने जवळपास सगळे पर्यटक व्हिसा स्थगित केले आणि चीन, इटली, इराण, दक्षिण कोरिया, फ्रान्स, स्पेन, जर्मनी अशी सात देशांची यादी काढली. या देशांतून येणाऱ्याला, मग तो भारतीय का असेना, चौदा दिवस सक्तीचं विलगीकरण. आणि नागपुरात पहिला रुग्ण सापडला. तो परतला होता अमेरिकेतून. यादीत अमेरिका नव्हती.

दोनच दिवसांपूर्वी पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले, ते सहलीहून परतलेलं दांपत्य होतं. सहल दुबईची. दुबईही यादीत नव्हती.

यादी करणारे वेंधळे होते, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण अशा याद्या बनतात कशा, ते पाहिलं की घोळ लक्षात येतो. देश यादीत जातो तो तिथे नोंदलेल्या रुग्णांवरून. रुग्ण नोंदले जातात चाचण्यांवरून. जो देश चाचण्या करतो त्याचे आकडे फुगतात आणि तो यादीत जातो; जो करत नाही तो कागदावर निरोगी. त्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेने राज्यांना पाठवलेल्या चाचणी संचांतच दोष निघाला होता, त्यामुळे तिथे कित्येक आठवडे चाचण्या रखडल्या. विषाणू फिरत होता, आकडा मात्र लहान. दुबईचं दुखणं वेगळं. तिथे माणसं राहायला कमी आणि विमान बदलायला जास्त येतात. युरोपातला, इराणातला, चीनमधला प्रवासी एकाच छताखाली दोन तास बसतो आणि वेगवेगळ्या दिशांना निघून जातो. अशा ठिकाणाला देश म्हणून यादीत घालायचं की वेटिंग रूम म्हणून, याचं उत्तर त्या वेळी कोणाकडेच नव्हतं.

नागपूरच्या दृष्टीने खरी गोम इथेच आहे. सोनेगाव विमानतळाला नावातच ‘आंतरराष्ट्रीय’ आहे. तिथे ई-व्हिसावर उतरताही येतं. पण परदेशाशी थेट जोडणाऱ्या नेहमीच्या उड्डाणांत दोनच शहरं होती, शारजा आणि दोहा. म्हणजे नागपूरच्या परदेशी दाराचे दोन्ही कोयंडे आखातात. संयुक्त अरब अमिराती, कतार, ओमान आणि कुवेत इथून येणाऱ्यांना सक्तीचं विलगीकरण लागू झालं १८ मार्चपासून. आणि २२ मार्चपासून देशात परदेशी प्रवासी विमानं उतरणंच थांबलं. हिशेब सरळ आहे. नागपूरच्या स्वतःच्या दारावरची कडक तपासणी जेमतेम चार दिवसांची. त्याआधी सौम्य तपासणी, त्यानंतर कुलूप.

‘एका आठवड्यासाठी’ म्हणून लावलेलं ते कुलूप पूर्णपणे निघालं २७ मार्च २०२२ रोजी. मधल्या काळात अडकलेल्या भारतीयांना आणणारी ‘वंदे भारत’ची विमानं होती, निवडक देशांशी मर्यादित उड्डाणांचे ‘एअर बबल’ करार होते. नियमित वेळापत्रकाची विमानं मात्र दोन वर्षं बंद राहिली.

सीमा बंद करण्याला काही अर्थ असतो का? मागच्या लेखांकानंतर अनेक वाचकांनी हाच प्रश्न विचारला. असतो, पण वेळेवर केली तर, आणि बंद दाराआड काहीतरी काम केलं तर. वुहानची नाकेबंदी जानेवारी २०२० मध्ये झाली. तिच्याबद्दल ‘सायन्स’ नियतकालिकात त्याच वर्षी आलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की चीनच्या आत साथ त्यामुळे फक्त तीन ते पाच दिवस लांबली. बाहेरच्या देशांत पोहोचणारे रुग्ण मात्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे बंदीने मिळते ती सवड. न्यूझीलंडने १९ मार्चला दार लावलं आणि त्या सवडीत घरातली साथ विझवली. बेटाला ते जमतं. ज्या देशात रोज लाखो माणसं रेल्वेच्या जनरल डब्यात चढतात, तिथे सवड लवकर सरते.

आपल्याकडे सीमा विमानतळावरून थेट माणसाच्या हातावर आली. मार्चच्या मध्यावर महाराष्ट्राने घरी विलगीकरणात पाठवलेल्यांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला शिक्का मारायला सुरुवात केली. निवडणुकीतल्या शाईने, पुसला जाऊ नये म्हणून. त्यात तारीख असे, कोणत्या दिवसापर्यंत घरात राहायचं त्याची. असे शिक्के असलेले प्रवासी गाडीत दिसले म्हणून पालघरला त्यांना खाली उतरवलं गेलं. पारपत्रावर शिक्का बसला की माणूस आत येतो, हातावर बसला की बाहेर पडू शकत नाही. ज्यांच्या घरात वेगळी खोली नव्हती किंवा ज्यांच्यावर सक्ती होती, त्यांच्यासाठी नागपुरात सिव्हिल लाइन्समधलं आमदार निवास उघडलं. एरवी डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला गजबजणारी ही इमारत. चहा, कार्यकर्ते, बदल्यांची कामं घेऊन आलेली माणसं. तिथल्या खोल्यांत आता परदेशातून आलेले लोक दार लावून बसले. त्या वर्षीचं अधिवेशन मुंबईतच उरकलं गेलं, तेव्हा आमदारांना खोल्या लागल्याच नाहीत.

आता उलट बाजू पाहू. २०२१ च्या फेब्रुवारीत विदर्भात रुग्ण अचानक वाढू लागले. २२ फेब्रुवारीला अमरावती आणि अचलपुरात टाळेबंदी लागली. मार्चच्या मध्यात नागपूर शहर आठवडाभर बंद झालं. २४ मार्चला केंद्राने सांगितलं की महाराष्ट्रातल्या काही नमुन्यांत दोन विशेष बदल असलेला विषाणू दिसतो आहे. त्याला ‘डेल्टा’ हे नाव मिळालं ३१ मे रोजी.

जगाने भारताकडची दारं कधी लावली? ब्रिटनने ९ एप्रिलपासून पाकिस्तान आणि बांगलादेशला लाल यादीत टाकलं. भारताचं नाव जाहीर झालं १९ एप्रिलला, लागू झालं २३ ला. त्या महिनाअखेरीस ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन भारतात येणार होते, तो दौरा १९ एप्रिललाच रद्द झाला. या दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता, यावर तिथल्या संसदेत बराच वाद झाला. मला तो योगायोग वाटत नाही. अमेरिकेने ४ मे रोजी बंदी घातली. ऑस्ट्रेलियाने तर ३ मेपासून भारतातून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाच अडवलं, आणि मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते असं बजावलं. विदर्भातली वाढ फेब्रुवारीतली, बंद्या एप्रिल-मेच्या. इकडे यायचे विषाणू आपण अडवू शकलो नाही, इकडून जायचे त्यांना अडवता आले नाहीत. फरक एवढाच की ब्रिटनमध्ये शिरणाऱ्याला हॉटेलातल्या विलगीकरणासाठी १,७५० पौंड मोजावे लागत होते.

नियम या बाबतीत काय सांगतो, तेही पाहून घेऊ. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीतलं ४३ वं कलम देशांना जादा निर्बंध लावू देतं. पण ते गरजेपेक्षा जाचक नसावेत, त्यामागे शास्त्रीय कारण असावं, आणि प्रवासात मोठा अडथळा येत असेल तर लागू केल्यापासून ४८ तासांत ते कारण जागतिक आरोग्य संघटनेला कळवावं. संघटना फेरविचाराची विनंती करू शकते. दंड करू शकत नाही. ३० जानेवारी २०२० ला आणीबाणी जाहीर करताना संघटनेने प्रवासबंदीची शिफारस केली नव्हती. किती देशांनी ते मानलं, हे आपण पाहिलंच.

नागपूरकरांना मात्र परदेशापेक्षा जवळची एक सीमा जास्त टोचली. देवलापार ओलांडून पुढे गेलं की मध्य प्रदेशाच्या हद्दीवरचं खवासा. एरवी तिथे ट्रकवाल्यांशिवाय कोणी थांबत नाही. मार्च २०२१ मध्ये मध्य प्रदेशाने महाराष्ट्राशी असलेली बससेवा बंद केली, महाराष्ट्रातून येणाऱ्यांची तपासणी सुरू केली. पेंचचं जंगल दोन्ही राज्यांत सलग पसरलेलं आहे. वाघाला हद्द माहीत नाही. माणसाला मात्र सिल्लारी आणि खुर्सापारचं फाटक आपलं, तुरिया आणि कर्माझिरीचं त्यांचं. कान्हा आणि पेंच बघायला येणारे परदेशी पर्यटक बहुधा नागपुरात उतरतात आणि गाडीने खवाशावरून पलीकडे जातात. त्यांच्यासाठी नागपूर हे मध्य प्रदेशाचं दार आहे, आणि हे दार दोन ठिकाणी बंद झालं होतं.

व्याघ्रप्रकल्प मार्च २०२० मध्येच बंद झाले. एप्रिलच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या एका वाघिणीला कोरोना झाल्याचं कळलं, तेव्हा वनखात्यांची काळजी आणखी वाढली. ताडोबाचा बफर जुलैत उघडला, गाभा ऑक्टोबरात. उघडला म्हणजे मुंबई-पुण्याच्या पर्यटकांसाठी. परदेशी माणूस येतो फेब्रुवारी ते एप्रिल, उन्हं तापून वाघ पाण्यावर यायला लागतात तेव्हा, आणि त्याचं बुकिंग बरेच महिने आधी होतं. २०२० चा तो हंगाम गेला, २०२१ चाही गेला. इंग्रजी बोलू शकणारा गाइड आणि कर्ज काढून घेतलेली जिप्सी यांचा हिशेब याच तीन महिन्यांवर बसलेला असतो.

देशाचे आकडे ही गोष्ट थोडक्यात सांगतात. २०१९ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले, २०२० मध्ये साडेसत्तावीस लाखांच्या आसपास, २०२१ मध्ये पंधरा लाखांच्या थोडे वर. पहिल्या वर्षापेक्षा दुसरं वर्ष वाईट, कारण २०२० चे निदान अडीच महिने मोकळे मिळाले होते. जून २०२१ मध्ये अर्थमंत्र्यांनी पहिल्या पाच लाख पर्यटकांना व्हिसा फुकट देण्याची घोषणा केली. ‘एअर बबल’च्या विमानाने येणाऱ्या पर्यटकांसाठी व्हिसा उघडला १५ नोव्हेंबरला. २६ नोव्हेंबरला सरकारने सांगितलं, १५ डिसेंबरपासून नियमित विमानं सुरू. त्याच दिवशी ‘ओमिक्रॉन’चं बारसं झालं. १ डिसेंबरला तो निर्णय मागे गेला, आणि १२ डिसेंबरला नागपुरात ओमिक्रॉनचा पहिला रुग्ण सापडला. तोही परदेशातून, आफ्रिकेतून परतलेला.

लसीनंतर सीमा कागदावर गेली. ब्रिटनने कोव्हिशिल्ड मान्य केली, पण तिचं भारतीय प्रमाणपत्र मान्य केलं नाही. आक्षेपांतला एक असा की त्यावर पूर्ण जन्मतारीख नसते. मग कोविन पोर्टलवर पारपत्र क्रमांक जोडा, जन्मतारीख टाका, पुन्हा छापा. ८४ दिवसांचं अंतर असलेला दुसरा डोस परदेशी शिकायला निघालेल्या मुलांना २८ दिवसांनी मिळण्याची सोय जून २०२१ मध्ये झाली, तीही कोव्हिशिल्डपुरती. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांची पंचाईत वेगळीच होती. या लसीच्या मानवी चाचण्यांचं एक केंद्र नागपूर होतं. जुलै २०२० मध्ये इथल्या स्वयंसेवकांनी दंड पुढे केले. पण जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता यायला ३ नोव्हेंबर २०२१ उजाडला. तोवर अनेक देशांच्या लेखी, दोन्ही डोस घेतलेला हा माणूस बिनलसीचाच होता.

या सगळ्यात सर्वांत लांबलेली कथा हजची. २०२० पूर्वी हजची विमानं ज्या २१ शहरांतून सुटत, त्यांत नागपूर होतं. विदर्भातले आणि शेजारच्या छत्तीसगडमधलेही यात्रेकरू इथूनच जात. सौदी अरेबियाने २७ फेब्रुवारी २०२० ला उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, बंद केला, आणि जूनमध्ये सांगितलं की यंदा हज फक्त देशात राहणाऱ्या मोजक्या लोकांपुरता. भारतातून २ लाख १३ हजार अर्ज आले होते. कुर्रा, म्हणजे सोडत, निघाला होता, नावं लागली होती, नागपूरच्या मोमिनपुऱ्यात काही घरांत निरोपाची तयारीही झाली असेल. सरकारने पैसे पूर्ण परत केले. २०२१ च्या हजसाठी अर्ज नव्याने मागवले आणि विमानं सुटायची ठिकाणं २१ वरून १० वर आणली, नागपूर गळालं. ती यात्राही बाहेरच्यांसाठी झालीच नाही.

२०२२ मध्ये सौदीने दार उघडलं, दोन अटींवर. जागा कमी, आणि वय ६५ च्या आत. हज कमिटीच्या जुन्या नियमात सत्तरी ओलांडलेल्यांना कुर्ऱ्याविना जागा मिळे, कारण त्यांना पुढच्या वर्षाची वाट पाहायला सांगणं बरं नव्हे. त्या वर्षी नेमका तोच गट बाद झाला. २०२० मध्ये ज्याचं वय त्रेसष्ट-चौसष्ट होतं, तो दोन वर्षं थांबून अटीच्या पलीकडे गेला. ज्यांना जाता आलं, त्यांना आधी दुसऱ्या शहरात पोहोचावं लागलं. २०२३ मध्ये वयाची अट उठली, ठिकाणांची यादी २५ वर गेली आणि तीत नागपूर परत आलं. पण २०२० च्या कुर्ऱ्यात नाव लागलेल्यांसाठी वेगळा कोटा नव्हता. पैसे परत मिळाले होते, नंबर मिळाला नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा कुर्रा.

(पुढील लेखांकात : जहाजावरच अडकलेली माणसं, आणि बंदरं त्यांना उतरू का देत नव्हती)