पिण्याच्या पाण्यासाठी प्लॅस्टिकचे नळ

जुन्या वाड्याची डागडुजी निघाली, की भिंतीतील गंजके लोखंडी नळ काढून प्लॅस्टिकचे घालावेत, असे आता सहज ठरते. कोणते घालावेत, हे मात्र बहुधा कारागिरावर सोपविले जाते. भिंतीत एकदा गाडलेला नळ पुन्हा उकरणे म्हणजे काय, हे अनुभवी गृहस्थास सांगावयास नको. आणि त्यातील पाणी तर घरातील लहान मूलही पिणार असते.

दुकानात सारखे दिसणारे नळ गुणाने सारखे नसतात. पिण्याच्या पाण्यासाठी असलेल्या कठीण पीव्हीसी नळावर भारतीय मानक ४९८५ हा क्रमांक छापलेला पाहून घ्यावा. सांडपाण्याच्या नळांचे मानक १३५९२. ते उताराने वाहणाऱ्या पाण्यासाठी, दाबासाठी नव्हेत. विजेच्या तारा ओवण्याच्या नळ्याही पीव्हीसीच्याच असतात, आणि स्वस्त पडतात म्हणून त्यांतूनही पाणी खेळविणारे महाभाग आढळतात!

पीव्हीसी उष्णतेने विघटित होऊ नये म्हणून त्यात स्थिरक मिसळतात. पूर्वी तो सर्रास शिशाच्या संयुगांचा असे. शिसे अल्प प्रमाणातही मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरते. म्हणून केंद्र सरकारने २०२१ साली त्यावर निर्बंध घालणारे नियम केले. कोपऱ्यात पडलेला जुना, बिनछापाचा माल यासाठीच घेऊ नये, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो.

आपल्या ग्वाल्हेरास आणखी एक प्रश्न आहे, तो उन्हाचा. साधा पीव्हीसी नळ ४५ अंश सेल्सियसपर्यंतच्याच पाण्यासाठी असतो. येथे वैशाखात हवेचाच पारा तेथवर चढतो, मग गच्चीवरच्या नळाचे काय होत असेल? तापला की तो मऊ पडतो, दाब सोसण्याची शक्ती घटते, आणि वर्षानुवर्षे ऊन खाऊन तो ठिसूळही होतो. म्हणून गच्चीवर व गीझरच्या वाटेवर सीपीव्हीसी, म्हणजे क्लोरीनचे प्रमाण वाढविलेले पीव्हीसी, घ्यावे. त्याचे मानक १५७७८. ते सुमारे ९३ अंशांपर्यंतचे पाणी सोसते. मात्र तेवढ्या उष्णतेत दाब बेताचाच हवा. उघड्यावरच्या भागास पाण्यात मिसळणारा रंग द्यावा, तेलाचा नव्हे.

दाबाचा हिशेब सोपा आहे. १० मीटर उंचीवरील टाकीचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो भरतो. पंपाच्या नळास मात्र याहून अधिक दाबाचा वर्ग निवडावा.

दोन्ही जातींचे सॉल्व्हंट सिमेंट वेगळे असते. कारागिराच्या हातातील डबा एकदा वाचून पाहावा. सांधे २४ तास वाळल्यावर, भिंत बुजविण्यापूर्वी, दाबाने पाणी सोडून गळती तपासावी. नंतर सिमेंटचा वास जाईपर्यंत पाणी वाहू द्यावे. ते वाया जाते असे वाटल्यास बादल्यांत धरून त्याने अंगण धुवावे.