बाभूळ, वाकस आणि पाणी

परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन भरपूर असली तरी जंगल अगदी तुटपुंजे आहे. जिंतूरकडचा डोंगराळ भाग वगळला तर इमारती लाकडाची म्हणावी अशी झाडी फारशी दिसत नाही, आणि त्यामुळे येथील सुतारकाम वाढले ते मुख्यतः बांधावरच्या बाभळीवर. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या बलुतेदारीचे वर्णन केले आहे, तिच्यात सुताराकडे शेतकऱ्याची औते घडवणे आणि दुरुस्त करणे हे काम असे व त्याबदल्यात त्याला खळ्यावर धान्य मिळे. नांगर, वखर, तिफण आणि गाडी या प्रत्येकाला वेगळा ताण सोसावा लागतो: वखराच्या खोडाला ढेकळांचा मार खावा लागतो, तर जुवाचा भार बैलाच्या मानेवर येत असल्यामुळे ते मजबूत असूनही शक्य तितके हलके असावे लागते. यासाठी लागणारे लाकडाचे ज्ञान झाडाच्या नावापाशी थांबणारे नव्हते. एखादे लाकूड हत्याराखाली कसे वागेल आणि पाणी प्याल्यावर किंवा सुकल्यावर किती हलेल, हे काम सुरू करण्यापूर्वी सांगता येणे म्हणजे लाकूड ओळखणे होय.

बाभळीतही भेद आहेत. रामकाठी बाभळीच्या फांद्या सरळ वर जातात आणि तिचा आकार सडपातळ असतो, तर गोडी बाभूळ पसरट वाढते आणि औतांसाठी लागणारे जाड खोड बहुधा तिच्यापासून मिळते. अलीकडे ओढ्याकाठी व पडीक रानात माजलेली वेडी बाभूळ ही मात्र अमेरिका खंडातून आलेली वेगळीच वनस्पती असून, केवळ काटे आणि शेंगा पाहून तिला बाभळीत गणणे चूक आहे.

वखारीतील कापलेल्या फळीला पान, फूल किंवा साल नसते, म्हणून तिथे ओळख पटते ती छेदावरून. पटाशीला चांगली धार लावून फळीच्या टोकाचा, म्हणजे रेषांना आडव्या जाणाऱ्या बाजूचा, एक गुळगुळीत काप घ्यावा, तो किंचित ओला करावा आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावा. सागवानात वर्षाच्या आरंभी तयार झालेली मोठी छिद्रे कड्यासारखी ओळीने मांडलेली दिसतात, आणि ही कडी नुसत्या डोळ्यांनाही जाणवते. शिवाय त्याला हात लावल्यास तेलकटपणा जाणवतो आणि नाकाशी धरल्यास चामड्याची आठवण करून देणारा वास येतो. बाभळीत छिद्रे सर्वत्र विखुरलेली असतात व प्रत्येकाभोवती फिकट कडा असते. तिचा गाभा, म्हणजे खोडाचा आतला मृत आणि टिकाऊ भाग, ताजा असताना गुलाबीसर तपकिरी असतो आणि हवेने गडद होत जातो. कडुनिंब हे महोगनीच्याच कुळातील झाड असल्यामुळे त्याचे लाल झाक असलेले लाकूड महोगनीची आठवण करून देते. रंगावर विसंबून ‘सागवान’ विकत घेणे मात्र धोक्याचे, कारण रंग ब्रशानेही चढवता येतो. टोकाचा छेद तसा रंगवून बदलत नाही.

वजनाची साक्षही उपयोगी असते, परंतु ती सुकलेल्या लाकडाचीच घ्यावी. सुकलेले सागवान एका घनमीटरला साधारण ६५० किलो भरते, बाभूळ ८०० किलोच्या आसपास जाते, आणि अंजन तर पाण्यात बुडते. अंजन, तिवस आणि सागवान ही झाडे महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत व ती तोडण्यास परवानगी लागते. बाभूळ त्या मूळ यादीत नाही, आणि शेतकऱ्याच्या गरजेचे लाकूड बांधावरच का उभे राहिले याचे थोडेसे उत्तर यातही असावे.

लाकूड सुकते म्हणजे नेमके काय होते, हे समजल्याशिवाय घरच्या कामातील निम्म्या अडचणी सुटत नाहीत. ओल्या लाकडात पेशींच्या पोकळीत मोकळे पाणी असते आणि पेशींच्या भिंतींत मुरलेले पाणी असते. मोकळे पाणी गेले तरी लाकूड आकसत नाही, पण ओलावा सुक्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्क्यांखाली उतरला की भिंतींतील पाणी जाऊ लागते आणि आकसणे सुरू होते. लांबीच्या दिशेने हे आकसणे नगण्य असते, परंतु वाढीच्या कड्यांना समांतर दिशेने ते केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट असते, आणि फळी वाकण्याचे मूळ या विषमतेत आहे. परभणीचा उन्हाळा चाळिशीपार तापतो व दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते, तर श्रावणात हीच हवा ओथंबलेली असते. ओलाव्यात दहा टक्क्यांचा फरक पडला असे धरले, तर ३० सेंटिमीटर रुंदीची, कड्यांना समांतर चिरलेली सागवानी फळी सुमारे सहा मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते. हा कागदावरचा हिशेब आहे. रंगवलेल्या दारात फरक कमी पडतो, पण चौकटीत अडकायला दोन मिलिमीटरही पुरतात.

म्हणून पावसाळ्यात अडकणारे दार लगेच रंधा मारून तासू नये, कारण तेच दार मे महिन्यात फटीतून उजेड दाखवते. अडकण्याची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवावी, कोरड्या दिवसांत गरज असेल तेवढेच तासावे, आणि दाराच्या वरच्या व खालच्या कडा, ज्या बहुधा रंगाविना राहून जातात, त्या रंगवून बंद कराव्यात. जुन्या वाड्यांच्या पॅनेलच्या दारांत मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवलेली असते ती याच कारणासाठी. तिला हौसेने सरसाने किंवा खिळ्यांनी पक्के केले की ती पुढच्या उन्हाळ्यात चिरते.

बाभूळ वापरण्यापूर्वी तिचे ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत होती, कारण बाहेरच्या कोवळ्या थरातील पिठूळ द्रव्यावर भुगा पाडणारे किडे जगतात आणि पाण्यात राहिल्याने हे द्रव्य कमी होते. त्यानंतर ओंडके सावलीत, मध्ये चिपा घालून रचावेत आणि टोकांना तेलरंग लावावा, कारण पाणी टोकांतून सर्वांत वेगाने निघते व चिरा तिथूनच पडतात. लाकूड वाळले की नाही हे ठरवायला यंत्र हवेच असे नाही. एक तुकडा दर आठवड्याला तोलावा, वजन उतरायचे थांबले की तो त्या हवेशी जुळला असे समजावे.

बाभळीवर रंधा चालवताना तंतू उलटसुलट गुंतलेले असल्यामुळे पृष्ठभाग उपसतो, आणि नवशिका दोष हाताला देतो. पात्याची धार ताजी करणे, काप कागदाइतका पातळ घेणे आणि रंधा तिरपा धरणे एवढ्याने बहुतेक वेळा काम भागते. पटाशीला सागवानासाठी २५ अंशांचा उतार पुरतो, पण बाभळीसाठी तो ३० पर्यंत न्यावा, नाहीतर धारेचे दात पडतात. सागवान मऊ वाटले तरी त्यात वाळूच्या जातीचे, सिलिकाचे, कण असल्याने तेही धार खाते. ओल्या बाभळीत लोखंडी खिळा ठोकला की भोवती निळसर काळा डाग उमटतो. बाभळीतील टॅनिन, ज्यामुळे तिची साल चामडे कमावण्यास वापरली जाते, त्याचा आणि लोखंडाचा तो संयोग आहे, बुरशी नव्हे. ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने डाग फिकट होतो, मात्र ते विषारी असल्याने हातमोजे घालून वापरावे.

पाण्याच्या या खेळाचा सर्वांत मोठा नमुना म्हणजे बैलगाडीचे चाक. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, बाहेरचे वक्र पुठ्ठे आणि त्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव थंड होताना आकसते आणि सगळे सांधे आवळून धरते. उन्हाळ्यात लाकूड आकसले की धाव सैल पडते, म्हणून चाके पाण्यात भिजत ठेवली जात. उपाय खरा, पण तात्पुरता: लोखंडाच्या घट्ट पकडीत फुगणाऱ्या लाकडाच्या पेशी दबून चेपतात, आणि पुन्हा वाळल्यावर ते पूर्वीपेक्षा बारीक होते. शेवटी धाव लोहाराकडे नेऊन आखूड करावी लागे. टायरची गाडी आल्यावर ही यातायात संपली. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातही बैलचलित अवजारांवर काम झाले, आणि औतांत लोखंड येत गेले.

परंतु भिजवून घट्ट करण्याचा हाच दोष घरातील कुऱ्हाडीच्या किंवा वाकसाच्या दांड्यात रोज दिसतो. वाकस, म्हणजे पाते दांड्याला आडवे असलेले तासण्याचे हत्यार, सैल झाले की ते पाण्याच्या बादलीत उभे करतात. दोन दिवस ते घट्ट राहते, आठवड्याने अधिकच हलते, आणि पाते निसटून पायावर येण्याचा धोका वाढतो. दांडा पूर्ण वाळलेल्या लाकडाचा करावा, शक्यतो मे महिन्यात बसवावा, आणि भोकाच्या तोंडाशी त्याच्या टोकाला चीर देऊन तीत वाळलेल्या बाभळीची पाचर ठोकावी.