ऊस घालणारेही आपण, घेणारेही आपणच



हंगाम तोंडावर आला की गट ऑफिसात एकच विषय असतो : तोड कधी? गेल्या हंगामात एक जुने सभासद आमच्याकडे आले. खोडवा मोडून गहू करायचा होता. म्हणाले, "साहेब, शेजारचा कारखाना उद्या कोयते पाठवतोय. तुम्ही पंधरा दिवस थांबा म्हणताय. तवर गव्हाची घात जाईल. मी काय करावं?" आम्ही म्हणालो, "आबा, कारखाना आपला आहे, थोडं थांबा." ते थांबले नाहीत. पुढे विचार केला तेव्हा कळले, की आबांचा प्रश्न खरा होता आणि आमचे उत्तर अपुरे होते. ते आज नीट देत आहोत.

पूर्वी कारखान्यांची क्षेत्रे राखीव होती. १९८४ च्या शासकीय आदेशाने कोणत्या गावचा ऊस कुठे जायचा हे ठरत असे. पुढे ही झोनबंदी उठली, खासगी कारखाने वाढले, आणि आज एकाच शिवारात दोन-तीन कारखान्यांचे चिटबॉय फिरताना दिसतात. शेतकऱ्याला निवड मिळाली हे चांगलेच झाले. पण निवड करायची तर हिशेब पुरता माहीत हवा.

तोडीला क्रम कशासाठी?

समजा, कारखान्याचे गाळप रोज ५,००० टन आहे. एका खेपेला २० टन धरले तरी दिवसाला २५० खेपा गव्हाणीपर्यंत आल्या पाहिजेत. शंभर कमी आल्या तर गिरणी थांबते, आणि शंभर जादा आल्या तर वाहने यार्डात उभी राहून ऊस वाळतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असे शास्त्र सांगते. पुढे वजन घटते, आणि साखरही मोडते. जळिताच्या उसात तर ही घट आणखी जलद होते. म्हणून नोंदीच्या तारखेवरून, जातीवरून आणि पक्वतेवरून क्रमपत्रक बसवावे लागते. आडसाली सोळा-अठरा महिन्यांत, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांत, सुरू बारा-तेरा महिन्यांत तयार होतो. खोडवा त्याहूनही आधी येतो. कोवळा ऊस तोडला तर टन मिळतात, साखर मिळत नाही.

उतारा एकट्याचा नसतो

भावाचा आधार साखर उतारा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे वाढतात, तेवढाच घटला तर तेवढेच कमी होतात. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे.

आता हा उतारा तुमच्या प्लॉटचा नसतो, सबंध कारखान्याचा असतो. कोवळा, शिळा, पाचट-मुळ्या-माती असलेला ऊस आला आणि उतारा ०.२ टक्क्याने खाली गेला, तर ८० टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे ५,५३६ रुपये गेले. त्याने स्वतः उत्तम ऊस घातला असला तरीही गेले. आणि पिकलेला चांगला ऊस बाहेर गेला, तर मागे राहणाऱ्यांचा उतारा घसरतो. एकाने बांध फोडला की पाणी सगळ्यांच्याच शेतातून जाते, तशातली गत.

एफआरपी हा कारखान्याच्या दारातला भाव आहे, हेही लक्षात ठेवावे. तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते. म्हणून दुसरा कारखाना दर सांगेल तेव्हा तीन गोष्टी विचारा : कपात किती? पैसे किती दिवसांत? आणि पुढच्या वर्षी ऊस उदंड झाला तर तोड देणार का? टंचाईच्या साली दारात येणारे पुष्कळ असतात. उसाचा महापूर आल्यावर कोण येतो, ते पाहावे.

कारखान्याचे देणे

पण हे एकतर्फी सांगून चालणार नाही. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, उशीर झाला तर सालाना १५ टक्के व्याज द्यावे लागते. समजा तुमचे २ लाख ४० हजार येणे आहे आणि महिनाभर उशीर झाला, तर ३,००० रुपये व्याज होते. हे मागणे हक्काचे आहे, त्यात संकोच नको. सोसायटीचे कर्ज, दुकानदाराची खताची उधारी, पोरांची फी हे काही कारखान्यासाठी थांबत नाही.

दुसरे, क्रम मोडून कुणाची तोड आधी झाली की दहा सभासदांचा विश्वास जातो. असे घडतच नाही असे आम्ही म्हणणार नाही. तिसरी गोष्ट खुशालीची. तोडीसाठी वा ड्रायव्हरला वरचे पैसे द्यावे लागले, तर ते मुकाट्याने देऊ नका, गटप्रमुखाला सांगा. अर्थात तोडणी मजूर उचल फेडण्यासाठी घरदार सोडून आलेला असतो, त्याचे पाणी, सावली आणि सन्मान ही आपली जबाबदारी. वजनाबद्दल शंका असेल तर बाहेरच्या काट्यावर वजन करून आणा, त्यात आम्हाला गैर वाटत नाही.

यंदा काय करावे?

१. लागणीची खरी तारीख नोंदवा. पंधरवडा मागे लिहून तोड लवकर मिळते, पण उतारा सगळ्यांचा जातो.

२. तोडीच्या आधी ब्रिक्स तपासून घ्या. शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स जवळ आला की ऊस पिकला.

३. ऊस जमिनीलगत तोडून घ्या, वाढे बैलांना ठेवा, पाचट शेतातच राहू द्या.

४. नोंदवहीत यंदा "पुढचे पीक" असा एक रकाना वाढवला आहे. खोडवा मोडून गहू-हरभरा करायचा असेल तर नोंदीच्या वेळीच सांगा. पिकलेल्या उसात अशा प्लॉटला आधी तोड देऊ.

हा चौथा रकाना आबांमुळे आला. आम्ही नोंदवहीत जात लिहिली, क्षेत्र लिहिले, तारीख लिहिली, पण शेतकऱ्याचे पुढचे पीक विचारलेच नव्हते. व्यापाऱ्याला माल घ्यायचा असतो, पुढे त्या रानात काय पेरणार याच्याशी त्याचे देणेघेणे नसते. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला तो हे देणेघेणे राहावे म्हणूनच. आबांनी यंदा नोंद परत आपल्याकडे केली आहे. त्यांचा गहू वेळेवर पेरला गेला पाहिजे, ही जबाबदारी आमची.

आपला,
ऊस विकास अधिकारी