जंगल माणसाला गिळत नाही

२२ जुलै २०१३. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या डोंगरात, वाटसरूंसाठी बांधलेल्या एका लाकडी निवाऱ्यात, सकाळी साडेसहाच्या सुमारास एका सहप्रवाशाने फोटो काढला. पाठीवर सॅक चढवून निघायच्या तयारीत असलेल्या, हसऱ्या चेहऱ्याच्या ६६ वर्षांच्या एक निवृत्त परिचारिका. त्यानंतर त्या कुणालाही जिवंत दिसल्या नाहीत.

त्या ‘अ‍ॅपलाचियन ट्रेल’ चालत होत्या. जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी ही पायवाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची आहे. बाई एप्रिलमध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीहून उत्तरेकडे निघाल्या होत्या. सोबतची मैत्रीण घरच्या अडचणीमुळे जूनअखेर परतली, तरी त्या पुढे चालत राहिल्या. नवरा गाडी घेऊन, पायवाट जिथे डांबरी रस्ता ओलांडते तिथे भेटायचा, शिधा द्यायचा. २३ जुलैला तो ठरल्या जागी थांबला. त्या आल्या नाहीत. उशीर होत असेल म्हणून त्याने वाट पाहिली आणि २४ तारखेला पोलिसांना कळवलं. मेनच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या शोधमोहिमांपैकी एक सुरू झाली. शेकडो माणसं, श्वानपथकं, विमानं. हाती काही लागलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. कुणी म्हणालं अपहरण, कुणी म्हणालं खून. त्या डोंगराला लागूनच अमेरिकन नौदलाचं एक केंद्र आहे. शत्रूच्या मुलुखात अडकलं तर तग कसा धरायचा, याचं प्रशिक्षण तिथे जवानांना देतात. आता एवढा मसाला शेजारी असताना लोक गप्प कशाला बसतील? बाईंनी बघायला नको ते काहीतरी बघितलं, इथपर्यंत चर्चा गेली.

१४ ऑक्टोबर २०१५ रोजी नौदलाच्या त्याच हद्दीत झाडांची पाहणी करणाऱ्या एका माणसाला दाट झाडीत कोसळलेला तंबू दिसला. आत अवशेष होते, फोन होता आणि पाणी जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली वही होती. सगळा उलगडा त्या दोन वस्तूंनी केला. तो इतका साधा होता की अनेकांना आजही पटत नाही.

“वाटेवरून इतकी लांब गेलीच कशी?”

लघवीसाठी. फोनमध्ये २२ जुलैला सकाळी ११ वाजून १ मिनिटाने नवऱ्याला लिहिलेला मेसेज होता: आडोशाला जायला पायवाट सोडली, आता सापडत नाही, ट्रेलची देखभाल करणाऱ्यांना कळव. नेटवर्क नसल्याने तो गेलाच नाही. त्यांनी तो पुन्हापुन्हा पाठवून पाहिला, जागा बदलली, उंचावर चढल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाचारच्या सुमारास दुसरा मेसेज: कालपासून हरवले आहे, पोलिसांना सांग. तोही फोनमध्येच राहिला.

तंबू पायवाटेपासून सुमारे तीन किलोमीटरच्या आत होता. आपण समजतो, हरवलेला माणूस म्हणजे कुठल्या कुठे निघून गेलेला. प्रत्यक्षात दाट झाडीत पंधरावीस पावलं आत गेलं आणि एकदा वळून पाहिलं की सगळ्या दिशा सारख्या दिसू लागतात. पावसाळ्यात कारवीच्या रानात शिरलेल्याला हे वेगळं सांगायला नको. पुढची चूक घाबरलेला माणूस करतो: आलो तिकडे परत न जाता ‘इकडेच असेल’ म्हणून तो चालत सुटतो. सिग्नल शोधायला उंचावर जाणं म्हणजे तर वाटेपासून आणखी लांब जाणं.

“पण त्या तर अनुभवी होत्या”

होत्याच. महिनोन्‌महिने चालत होत्या, ओझं पेलत होत्या, तंबू लावत होत्या. पण खुणेची वाट चालण्याचा अनुभव आणि वाट शोधण्याचा अनुभव ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ह्या ट्रेलवर झाडांच्या खोडांवर २ इंच रुंद, ६ इंच उंच असे पांढरे पट्टे रंगवलेले असतात. एक पट्टा मागे पडेपर्यंत पुढचा दिसतो. अशी हजार मैल चालली तरी दिशेचं ज्ञान आपोआप येत नाही. परतलेल्या मैत्रिणीने तपास अधिकाऱ्यांना सांगितलं की बाईंना दिशांचा अंदाज कमी होता, याआधीही त्या वाट चुकल्या होत्या. उपग्रहाद्वारे आपलं ठिकाण कळवणारं यंत्र त्यांच्याकडे होतं, पण ते मागे मोटेलवर राहिलं होतं.

आपल्याकडे दगडांवर रंगवलेल्या बाणांच्या भरवशावर पन्नास किल्ले केलेली मंडळी आहेत. त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

“चकवा लागला असणार”

अमेरिकेत हा शब्द नाही, पण फिरूनफिरून त्याच जागी येण्याची भीती जगभर आहे. आपल्या गावाकडे ते काम भुताकडे दिलंय. जे स्वतःला विज्ञाननिष्ठ म्हणवतात ते सांगतात की माणसाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब किंवा जोरकस असतो, म्हणून तो गोल फिरतो. हेही चूकच.

जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमान आणि सहकाऱ्यांनी याची चाचणी घेतली. निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त आले. बीनवाल्ड नावाच्या सपाट, मोठ्या जंगलात सहा जणांना जीपीएसची नोंद ठेवून कित्येक तास सरळ चालायला सांगितलं. ढगाळ दिवशी चाललेले चौघेही गोल फिरले. त्यांतल्या तिघांनी तर आपलीच वाट पुन्हापुन्हा ओलांडली, आणि हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. सूर्य दिसत असताना चाललेले दोघे मात्र जवळपास सरळ गेले. डोळे बांधून चालवलेल्या लोकांनी तर कधीकधी २० मीटर व्यासाची वर्तुळं काढली, आणि तीही कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पायाचा दोष असता तर एकाच बाजूला वळले असते. गोष्ट अशी की ‘सरळ’ म्हणजे काय याचा अंदाज मेंदू क्षणाक्षणाला नव्याने बांधत असतो. सूर्य, डोंगराचं टोक असा बाहेरचा आधार नसेल तर बारीकसारीक चुका साठत जातात आणि माणूस वळतो. त्याला मात्र आपण नाकासमोर चाललोय असंच वाटत असतं.

गंमत म्हणजे चकवा लागल्यावरचा जुन्या माणसांचा एक सल्ला, ‘तिथंच बसून राहा, उजाडलं की निघा’, हा कुठल्याही शोधपथकाच्या सूचनापत्रकात शोभेल. निदान चुकलं, औषध बरोबर.

“शेकडो माणसांनी शोधलं, मग तिथे त्या नव्हत्याच”

सगळ्यांत जास्त फसवणारा गैरसमज हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

बाईंच्या शोधात श्वानपथक त्यांच्या तंबूपासून साधारण शंभर यार्डांवरून गेलं होतं. म्हणजे ९० मीटर. क्रिकेटच्या मैदानावर एका सीमारेषेपासून समोरच्या सीमारेषेपर्यंतसुद्धा नाही. त्यांचा तंबू अगदी शेजारी उभं राहिल्याशिवाय दिसत नव्हता, आणि वरून झाडांच्या छतामुळे विमानाला तर नाहीच. त्यांनी काही कमी धडपड केली नव्हती. जमिनीच्या ओलीपासून वाचायला पाइनच्या सुया, काटक्या आणि माती यांचं अंथरूण केलं होतं. आसपासच्या काही झाडांची सालं जळलेली होती, आणि ती विजेने नव्हे, माणसाने पेटवलेली. धूर दिसावा म्हणून.

त्या वहीतल्या नोंदी १८ ऑगस्टपर्यंत आहेत. म्हणजे हरवल्यानंतर जवळपास चार आठवडे त्या जिवंत होत्या. ६ ऑगस्टच्या एका पानावर, जो कुणी मला शोधेल त्याने नवऱ्याला आणि मुलीला कळवावं, कितीही वर्षांनी का होईना, अशी विनंती आहे. मोठ्या प्रमाणावरचा शोध तोवर आवरता घेतलेला होता. उपासमार आणि उघड्यावर राहिल्याने मृत्यू, असा वैद्यकीय निष्कर्ष निघाला.

शोधाचं गणित दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलासाठी बी. ओ. कूपमन आणि मंडळींनी पाणबुड्या हुडकण्याकरता मांडलं. त्याचं पहिलं तत्त्व हे की ‘शोधलेली जागा’ म्हणजे ‘रिकामी जागा’ नव्हे. एका फेरीनंतर तिथे माणूस असण्याची शक्यता कमी होते, शून्य होत नाही. नकाशावर चौकट रंगवली की ती संपली असं वाटतं; जंगलात ती संपलेली नसते. ‘आधी शोधलेल्या जागीच मृतदेह सापडला, म्हणजे नंतर कुणी आणून टाकला’ हे वाक्य प्रत्येक प्रकरणात ऐकू येतं. ते ह्या रंगवलेल्या चौकटीतून जन्मतं.

आणि माणसं वाढवली की शोध सुधारतो, हेही खरं नाही. १४ जून १९६९ रोजी टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवर, ग्रेट स्मोकी माउंटन्समधल्या स्पेन्स फील्ड या माळावर सहा वर्षांचा एक मुलगा खेळताखेळता झुडपामागे गेला आणि काही मिनिटांत नाहीसा झाला. त्याच दुपारी धो धो पाऊस कोसळला, ओढे तुंबले. पुढच्या दिवसांत शोधकर्त्यांची संख्या चौदाशेपर्यंत गेली. हजारो पावलांखाली जे काही माग उरले असतील तेही तुडवले गेले. तो मुलगा आजतागायत सापडलेला नाही. आधी थोडी, शिकलेली माणसं आणि श्वान पाठवायचे, माग जपायचा, गर्दी नंतर, हा धडा अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांनी तिथून घेतला. त्या मुलाला रानटी माणसाने नेलं इथपासून सगळ्या कथा आजही चालतात. पावसाची कथा कुणाला रंगतदार वाटत नाही.

“अंगावर कपडे नव्हते, म्हणजे घातपातच”

थंडीने शरीराचं तापमान फार खाली गेलं की शेवटच्या टप्प्यात काही माणसांना अचानक भाजल्यासारखं गरम वाटतं आणि ती कपडे काढून टाकतात. न्यायवैद्यकात हे चांगलं माहीत आहे. काही जण तर एखाद्या फटीत किंवा ओंडक्याखाली घुसून बसतात. मग ‘लपवलेलं प्रेत’ असा बोभाटा होतो. यासाठी बर्फ लागत नाही. भिजलेले कपडे, वारा आणि रात्र पुरते. हाडं इकडेतिकडे विखुरणं हे बहुतेक वेळा प्राण्यांचं आणि पाण्याचं काम असतं.

घातपात कधीच नसतो असं नाही. पण तो सिद्ध करायला पुरावा लागतो, आणि ‘दुसरं कारण सुचत नाही’ हा पुरावा नव्हे.

“फोन आहे ना!”

मे २०२२ मध्ये दिल्लीहून आलेला एक तरुण अभियंता लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या जंगलात वाट चुकला. त्याने फोन करून तसं कळवलंही. नंतर फोन बंद झाला. स्थानिक गिर्यारोहक, पोलीस, एनडीआरएफ सगळे उतरले. चार दिवसांनी दरीत त्याचा मृतदेह मिळाला. मुंबई-पुण्याच्या मधोमध, रेल्वेच्या शिट्ट्या ऐकू येतील अशा मुलखात.

फोनबद्दल दोन उलट गैरसमज आहेत. एक, तो आपल्याला वाचवेल. दुसरा, नेटवर्क गेलं की तो निकामी. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, तो थेट उपग्रहाचे संकेत घेतो. नकाशा आधी उतरवून ठेवलेला असला की आपण कुठे आहोत ते कळतं. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर ११२ लागू शकतो. जिथे बोलणं तुटतं तिथे एसएमएस कधीकधी निसटून जातो. बॅटरी मात्र टॉर्च आणि रीलमध्ये संपवलेली नको.

उपग्रहाशी बोलणारी जी यंत्रं परदेशात सर्रास वापरतात, ती भारतात परवान्याशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन महिला धावपटूला असं यंत्र सापडल्यामुळे अडवून गुन्हा दाखल झाला. तेव्हा परदेशातल्या नातेवाइकाला ‘येताना एक घेऊन ये’ सांगण्याआधी विचार करा.

“२४ तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत”

असा नियम ना अमेरिकेत आहे ना भारतात. हरवल्याची नोंद पोलीस ठाण्यात लगेच करता येते आणि ती घेणं पोलिसांचं काम आहे. पहिल्या काही तासांत हरवलेला माणूस वाटेच्या सगळ्यांत जवळ असतो, त्याच्या अंगात त्राण असतं, माग ताजे असतात.

तेव्हा ट्रेकला जाणाऱ्याने घरी एका कागदावर चार ओळी लिहून ठेवाव्यात: कुठल्या गावातून चढणार, कुठे उतरणार, गाडीचा नंबर, किती वाजेपर्यंत फोन येईल. आणि घरच्यांनी ती वेळ टळून तासदोन तास झाले की ‘येईल गं, ट्राफिकमध्ये असेल’ म्हणत न बसता ११२ फिरवावा. माणूस तेवढ्यात दारात उभा राहिला तर राहू दे. पोलिसांना दुसरा फोन करून सांगता येतं.