नीरेच्या पाटावरून एडनला

भोरजवळ वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण भरलं की त्याची ४५ स्वयंचलित दारं आपोआप उघडू लागतात. कुणी चाक फिरवत नाही, कुणी बटण दाबत नाही. या जातीच्या दारांमागची कल्पना साधी आहे. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला त्याला तोलून धरणारं वजन. पाणी ठरलेल्या रेषेवर चढलं की त्यातलंच थोडं पाणी हा तोल बदलतं आणि दार उघडतं. पूर ओसरला की ते पुन्हा बंद होतं. पुराच्याच जोरावर पुराला वाट करून द्यायची, ही कल्पना मला अजूनही थक्क करते.

इथून वीसेक मैलांवर, खडकवासल्यात, अशी दारं बसवून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी नाव कमावलं. १९०३ च्या सुमारास ती बसली आणि धरणाची भिंत उंचावल्याशिवाय साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. साठा जवळपास चतुर्थांशानं वाढला. शोधाचं पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाची रॉयल्टी त्यांनी घेतली नाही. आजच्या एखाद्या कन्सल्टन्सीला हा व्यवहार समजावून सांगायला किती वेळ लागेल, कोण जाणे.

मात्र सल्लागार म्हणून ते घडले भाटघरच्याच पाण्यावर, असं माझं मत आहे, आणि तेही यंत्रांमुळे नव्हे. भाटघरला साठवलेलं पाणी नीरेच्या डाव्या कालव्यातून बारामतीकडे जात होतं. १८९९ मध्ये विश्वेश्वरय्या पुण्याच्या पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता झाले, तेव्हा पाणी होतं, कालवा होता, शेतकरी होता. गणित मात्र चुकत होतं. ज्याला उसाचा पैसा दिसला तो पाणी ओढणार आणि पाटाच्या शेवटच्या गावानं वाट बघत बसायचं. हे दुखणं आजही कुठल्याही कालव्यावर ओळखीचं आहे. पाणी वाढवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी पाण्याची वाटणी बदलली. गावातली भिजणारी जमीन विखुरलेली न ठेवता ठरावीक तुकड्यांत एकत्र आणायची, तुकड्यातल्या साधारण एक तृतीयांशातच ऊस घ्यायचा, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं, आणि पुढच्या हंगामांत जागा बदलत जायच्या. ही ब्लॉक पद्धत. शेतकऱ्यांना सुरुवातीला संशय आला, विरोधही झाला. साहेबानं समोर बसून समजावलं, तेव्हा हळूहळू ती पटली.

गंमत अशी की नोकरीच्या पहिल्या वर्षांत ते धुळ्याकडे, पांझरेच्या काठी होते. तिथे शेतकऱ्यांची फड पद्धत फार जुनी: एका फडात एकच पीक आणि पाण्याची पाळी गावानं ठरवायची. विश्वेश्वरय्यांनी ती कल्पना तिथून उचलली, असं मी म्हणणार नाही. पण तो मुलूख त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिला असणार, एवढं मनात येतंच.

आता खरी कमाल. १८९४-९५ च्या सुमारास त्यांच्याकडे सिंधमधल्या सक्करच्या पाणीपुरवठ्याचं काम होतं. सिंधू नदी गढूळ, आणि गाळण्याच्या टाक्या बांधायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते. त्यांनी नदीलगत विहीर खणली. वाळूतून झिरपून आत येणारं पाणी आपसूक गाळलेलं होतं. पुढे १९०६ मध्ये मुंबई सरकारच्या अखत्यारीतल्या एडनमधून बोलावणं आलं: पाणी आणि मैलापाण्याची व्यवस्था सुचवा. उघडा खडक, नगण्य पाऊस, वाहती नदी नाही. ते आतल्या मुलखात फिरले आणि एडनपासून साधारण अठरा मैलांवर, लहेजच्या बाजूला, नदीच्या पात्राजवळच्या विहिरींतून पाणी घेण्याची योजना मांडली. वर डोंगरात पडलेला पाऊस वाळूखाली मुरून तिथवर येत होता. एका ठिकाणी भरपूर पाणी असलेली गढूळ नदी, दुसऱ्या ठिकाणी वर कोरडी नदी. दोन्हीकडे उत्तर वाळूच्या पोटात.

'कन्सल्टिंग' म्हणून आज आपण जे शिकतो, त्याचा गाभा मला या दोन विहिरींत दिसतो. जेम्स मॅकिन्झी यांनी शिकागोत आपली कंपनी काढली ती १९२६ मध्ये, म्हणजे एडनच्या वीस वर्षांनंतर. परदेशी पदवी, विमानाचं तिकीट, झुळझुळीत स्लाइड्स यांवर आपण बरंच बोलतो. एखादा प्रश्न एका जागी इतका खोल माहीत असणं की दुसऱ्या जागी त्याचा वेगळा चेहराही ओळखता यावा, याबद्दल फारसं बोलत नाही. नीरेवर बसून शेतकऱ्यांची भांडणं ऐकण्याचं काम कुणाच्याही बायोडाटात शोभून दिसणार नाही.

१९०८ मध्ये विश्वेश्वरय्यांनी मुदतीआधीच मुंबई सरकारची नोकरी सोडायचं ठरवलं. वर ज्येष्ठांची रांग होती आणि मुख्य अभियंत्याचं पद आवाक्यात नव्हतं. ते जगाच्या प्रवासाला निघाले. इटलीत असताना निजामाच्या सरकारचं बोलावणं आलं. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीनं हैदराबाद बुडवलं होतं. पुढच्या वर्षी विशेष सल्लागार अभियंता म्हणून ते तिथे रुजू झाले आणि नदीकाठी भिंती बांधण्याआधी वरच्या पाणलोटात गेले. तिथे ७८८ तलाव, त्यांतले २२१ पुरात फुटलेले. शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधा, असं त्यांनी सुचवलं. उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. तोवर ते म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि मग दिवाण होऊन, १९१८ मध्ये ते पदही सोडून मोकळे झाले होते. हैदराबादनं मात्र १९२२ मध्ये त्यांना पुन्हा बोलावलं, या वेळी शहराच्या मैलापाण्यासाठी.