पाव लादी पाव आणि औट घटकेचा राजा

वडापावच्या गाडीसमोर उभं राहून मुलांना विचारून बघा: यातला घरचा शब्द कोणता? बहुतेक मुलं सांगतात, सगळेच. मग गंमत सुरू करायची. पाव हा शब्द पोर्तुगिजांचा. बटाटाही त्यांनीच आणला, पण तो त्यांच्याही घरचा नव्हे. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. आणि त्या लोकांच्या भाषेत बटाटा म्हणजे आपलं रताळं! समुद्र ओलांडता ओलांडता रताळ्याचं नाव भलत्याच कंदाला चिकटलं आणि तेच आपल्या कढईत येऊन पडलं. वडा तेवढा इथला, संस्कृत ‘वटक’च्या घराण्यातला.

हे ऐकल्यावर माझ्या सात वर्षांच्या भाचीनं वडा उघडून आतल्या भाजीकडे असं काही बघितलं की जणू तिथे जहाजच दिसणार होतं. त्या दिवसापासून घरात पाहुणे शब्द हुडकायचा खेळ चालू आहे. चावी, बादली, परात, घमेलं, काजू, अननस: सगळी पोर्तुगिजांबरोबर आलेली मंडळी. हापूससुद्धा, तो अफोन्सो या नावाचा कोकणी उन्हात पिकलेला अवतार. बाबा पहिल्या तारखेची वाट बघतात तो पगारही त्यांचाच, मूळ अर्थ ‘पैसे देणं’. तूप मात्र कानडी ‘तुप्प’वरून आलं. आणि आजी जपायला सांगते ती अब्रू फारसी: आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी! यापेक्षा चांगली व्याख्या मला तरी सुचत नाही.

पाव शब्दाची आणखी एक मजा. एक पाव खायचा, दुसरा चौथ्या हिश्श्याचा. दोघांचं नातं काहीच नाही, तरी बेकरीत ‘पाव लादी पाव द्या’ म्हणता येतं. चिमणीचंही तसंच: अंगणातली चिमणी वेगळी, गिरणीची चिमणी इंग्रजीतून आलेली. एकाच नावाची दोन मुलं वर्गात असतात ना, तसे हे शब्द. मुलांना असे जुळे शोधायला सांगा, दोन दिवस पुरतात.

पळभर म्हणजे किती?

‘पळभर थांब’ असं आपण दिवसातून दहादा म्हणतो. पळ म्हणजे 24 सेकंद, हे किती जणांना ठाऊक असतं? असे 60 पळ झाले की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. दिवस-रात्र मिळून 60 घटका. आणि तीन तासांचा एक प्रहर, म्हणून ‘अष्टौप्रहर’ काम करणारा माणूस खरोखर चोवीस तास राबत असतो.

आता औट घटकेचा राजा. ‘औट’ हा साडेतीनासाठीचा जुना शब्द. साडेतीन घटका म्हणजे 84 मिनिटं, जेमतेम शाळेच्या दोन-अडीच तासिका. आमच्याकडे रविवारी हा खेळ झाला. घड्याळ लावलं, भाचीला पाटावर बसवलं आणि 84 मिनिटं तिचं राज्य. पहिलं फर्मान निघालं की जेवायला पोळी नको, शिरा हवा. राज्य संपताना ती अक्षरशः रडवेली झाली. वाक्प्रचाराचा अर्थ पाठ करायला लावला असता तर परीक्षेपुरता राहिला असता. आता तो तिला अंगात भिनल्यासारखा कळतो.

पळाचा खेळ तर बसमध्येही होतो. डोळे मिटायचे आणि एक पळ झाला असं वाटलं की उघडायचे. मोठी माणसं हमखास हरतात, फार लवकर उघडतात.

बंच नव्हे, जुडी

भाजीबाजारात मुलांना नेत असाल तर तिथे शब्दांची खाण आहे. मेथीची जुडी, लसणाचा गड्डा, केळ्यांची फणी, द्राक्षांचा घड. घरी आलं की किल्ल्यांचा जुडगा, भाकऱ्यांची चवड, नाण्यांची चळत. गावी गेलं की धान्याची रास, कडब्याची गंजी. हल्ली या सगळ्यांना सरसकट ‘बंच’ नाहीतर ‘ढीग’ म्हणतात, आणि मला ते खरंच टोचतं. चवड म्हटलं की एकावर एक नीट ठेवलेल्या गरम भाकऱ्या दिसतात. ढीग म्हटलं की धुवायचे कपडे. शब्द गेला की डोळ्यांपुढचं चित्रही जातं. उतरंड हा शब्द मुलांना सांगायला मडकी कशाला हवीत? स्टीलचे डबे मोठ्यापासून लहानापर्यंत एकावर एक रचा, झाली उतरंड.

मापं तर हातातच असतात. चिमूटभर मीठ, मूठभर शेंगदाणे, एका हाताच्या खळग्यात मावेल तो पसा, दोन्ही हातांची ओंजळ, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत. तांदळाच्या डब्यापाशी मुलाला बसवा आणि चिमटीपासून ओंजळीपर्यंत जाऊ द्या. थोडे तांदूळ सांडतील, सांडू देत.

पिल्लांची नावं झटपट: गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, हरणाचं पाडस, घोड्याचं शिंगरू. शिंगरापाशी प्रत्येक मूल थबकतं, ‘याला शिंगं कुठायत?’ प्रश्न रास्त आहे.

भोर की कुट्ट?

आता माझा सगळ्यात लाडका भाग. मराठीत नुसतं काळं म्हणून भागत नाही. केस काळेभोर, डोळे काळेभोर; पण अंधार काळाकुट्ट. अदलाबदल करून बघा: ‘तिचे केस काळेकुट्ट आहेत’. रंग तोच, पण कान लगेच नाराज होतो. भोरमध्ये कौतुक आहे, कुट्टमध्ये धास्ती. धुतलेला सदरा पांढराशुभ्र, घाबरलेला चेहरा पांढराफटक. पोपटाची चोच लालचुटुक, रागावलेला चेहरा लालबुंद, मिरची लालभडक. शेपटासारखं जोडलेलं हे अर्धं अक्षरधन रंगापलीकडचं काहीतरी सांगतं: जीव जडलाय की भीती वाटतेय. इतकी बारीक जाण सात वर्षांच्या मुलाला आपोआप असते, फक्त त्याच्या कानावर ते शब्द पडलेले असायला हवेत.

चवींनाही अशी शेपटं आहेत: आंबटढाण, गोडमिट्ट, तिखटजाळ, कडूजहर. खेळ सोपा. आपण पहिला अर्धा म्हणायचा, मुलानं दुसरा. हिरवं... गार! निळं... शार! ओलं... चिंब! कोरडं... ठाक!

मुलं शब्द किती चटकन टिपतात त्याचा एक सुरेख प्रयोग 1978 साली प्रसिद्ध झाला. सुझन केअरी आणि एल्सा बार्टलेट या दोघी अमेरिकन संशोधक. बालवाडीतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना बाईंनी सहज सांगितलं, तो क्रोमियम रंगाचा ट्रे आण, दुसरा नको. ट्रे होता ऑलिव्ह फळासारखा हिरवट. तो शब्द मुलांनी कधी ऐकलेला नव्हता. कुणी अर्थ सांगितला नाही, कुणी घोकून घेतला नाही. तरी काही दिवसांनी बऱ्याच मुलांच्या मनात त्या शब्दाची काहीतरी खूण उरलेली दिसली. अर्थ पक्का नव्हता. तो पक्का व्हायला शब्द पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. म्हणूनच फ्रिजवर रोज दहा शब्दांची यादी चिकटवणं मला पटत नाही. त्यापेक्षा सांडशी हातात देताना ‘ती सांडशी घे’ एवढंच म्हणावं, ‘ते पकडायचं घे’ म्हणू नये.

उलटसुलट

कडक, नवीन, सरस, नयन, जहाज, रबर. उलटे वाचा. ‘टेप आणा आपटे’ आणि, ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा केला तर, ‘तो कवी मामा विकतो’ ही पूर्ण वाक्यंही उलटी वाचता येतात. आणि ‘च’ची भाषा तर मुलांना शिकवावीच: पहिलं अक्षर शेवटी न्यायचं, त्याच्या जागी च. ‘काय करतेस?’चं होतं ‘चयका चरतेसक?’ चेष्टा वाटते, पण शब्दाची अक्षरं सुटी करून पुन्हा जोडायचं काम मूल त्यात विजेच्या वेगानं करत असतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. शब्द घडवताही येतात. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी दिनांक, क्रमांक, महापौर असे शब्द रूढ केले. दिनांक तर मुलं रोज वहीत लिहितात. तो कुणीतरी मुद्दाम घडवला आहे हे कळलं की त्यांचे डोळे चमकतात.

भाचीनं अजून नवा शब्द घडवलेला नाही. पण परवा थंडीत आजी म्हणाली होती, आज गारठ्यानं दातखीळ बसायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची रिक्षा दाराशी उभी, आणि हिच्या जॅकेटची चेन मध्येच अडकलेली. खाली ओढली, वर ओढली, हलेना. मग तिथूनच ओरडली, ‘मावशी, लवकर ये! माझ्या चेनची दातखीळ बसलीय!’